धुतलेली जखम

मी चौथी नापास माणूस. पण केळीचं पान बघून बागेला काय कमी पडलं ते सांगतो, आणि सहसा चुकत नाही. ही हकिगत मात्र चुकलो त्याची आहे.

फैजपूरजवळच्या आमच्या बागेत घड उतरवताना ओल्या खोडावरून पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. शहरातल्या एका दवाखान्यात हाडात सळी बसवली. टाके निघून आठ दिवस झाले नाहीत तर जखमेतून पू यायला लागला. तिथल्या डॉक्टरने माझ्या धोतराकडे बघितलं आणि म्हणाला, "शेणामातीत गेला असाल बाबा." मी खाटेवरून खाली पाय ठेवला नव्हता. पण धोतरवाल्याचं कोण ऐकतं! त्या दवाखान्याची पायरी मी पुन्हा चढलो नाही. मुलगी धुळ्याला देवपुरात राहते, शाळेत शिकवते. ती येऊन मला घेऊन गेली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी जखम नीट बघितली. म्हणाले, "आबा, अंदाजाने औषध देत बसलो तर पाय हातचा जाईल. जंतू कोणता ते आधी कळू द्या. उद्या पू तपासायला घेऊ. मधे काही औषध घेतलं का?"

"नाही," मी म्हणालो.

आता खरं सांगतो. माझ्या पिशवीत एक पत्र्याची डबी असायची. कुणाच्या तापाच्या, कुणाच्या दाढेच्या उरलेल्या कॅप्सूल मी तीत जपून ठेवायचो. बैलाच्या खांद्याला फोड आला की कॅप्सूल उघडून भुकटी टाकायची, दोन दिवसांत फोड सुकतो. पू सुरू झाल्यापासून मी रोज दोन कॅप्सूल पोटात घेत होतो आणि एकीची भुकटी जखमेवर टाकत होतो. याला औषध म्हणायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तपासणीच्या सकाळी, घाण पाय परक्या माणसापुढे कसा करायचा, म्हणून जखम जंतुनाशकाच्या पाण्याने स्वच्छ धुतली.

तीन दिवसांनी पुन्हा दवाखान्यात गेलो. मी तपासायच्या गादीवर बसलो होतो तेव्हा लॅबमधल्या बाई स्वतः कागद घेऊन वर आल्या. "एवढा पू आणि काहीच उगवलं नाही. असं होत नाही सहसा."

डॉक्टरांनी कागद वाचला आणि मुलीला म्हणाले, "जंतू कळला नाही तर औषध कोणतं देणार? मग सळी काढावी लागेल. हाडात पसरलं असेल तर गुडघ्याखालचा पाय राहील की नाही, आज सांगता येत नाही."

मुलगी माझा पाय धरून बसली.

मी बाईंना विचारलं, "उगवलं नाही म्हणजे? तुम्ही पेरता की काय?"

"तसंच समजा आबा. पू थाळीत पसरवायचा, उबेत ठेवायचा. जंतू जिवंत असला तर वाढतो."

गावात मातीचा नमुना काढायचा तर लोक मला बोलावतात. खत टाकलेल्या जागची माती घेऊ नका, नाहीतर तपासणीचा कागद खोटं बोलतो, हे मी किती जणांना दरडावून सांगितलं असेल! एकाची तर पिशवी बांधावरच पालथी केली होती. आणि स्वतःच्या पायाचा नमुना द्यायची वेळ आली तेव्हा मी काय केलं?

पाय जायची वेळ आली होती आणि मला मुलीसमोर लाज वाटत होती. शेवटी पिशवीतून डबी काढली, गादीवर ठेवली आणि सगळं सांगितलं.

"आबा! बैलाच्या डबीतल्या?" मुलगी म्हणाली.

"बैलाले गुण येते."

"बैलाले सळी बसवेल होती का?"

बाईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. डबी मुलीच्या हातात दिली आणि मला भरती करून घेतलं. काही दिवस सगळं औषध बंद. रोज ताप बघायचे. मग जखमेच्या आतून, सळीजवळून नमुना घेतला.

या खेपेला उगवलं. बाईंनी बंद थाळी आणून दाखवली. आत साईसारखा थर आणि त्यावर कागदाच्या बारीक चकत्या, प्रत्येक चकतीत एकेक औषध. ज्याला जंतू घाबरतो त्याच्या भोवती मोकळं रिंगण पडतं, असं त्या म्हणाल्या. बहुतेक चकत्यांना तो थर खेटून होता. एकीभोवती पिचकं, अर्धवट रिंगण होतं.

"हे तुमच्या डबीतलं," बाई म्हणाल्या. "जंतू मारला नाही, नुसता दाबला. आम्हाला दिसू दिला नाही."

पण दोन चकत्यांभोवती रुपयाएवढी रिंगणं होती, स्वच्छ. ती वाचायला चौथी पास लागत नाही. कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

डॉक्टर म्हणाले, "इतक्या औषधांना न जुमानणारा हा जंतू बहुतेक दवाखान्यातच लागतो. ऑपरेशनच्या वेळी, नाहीतर ड्रेसिंग करताना."

"म्हणजे माझ्या शेणामातीतला नाही?"

"नाही, आबा."

"पुन्हा एकदा म्हणा."

मुलगी म्हणाली, "पाटीवर लिहून गळ्यात घाला यांच्या."

जखम उघडून आतून धुतली. त्या दोन औषधांतलं एक सलाईनमधून बरेच आठवडे चाललं. सळी आहे तिथेच आहे आणि पायही.

आज काठी टेकत बांधापर्यंत गेलो. शेजारी मांडीवरचं गळू दाखवत म्हणाला, "आबा, डबीतली एक कॅप्सूल दे बरं."

"डबी धुळ्यालेच राह्यली. दवाखान्यात जाय," मी म्हणालो. "आन् जायच्या आधी धू नको."

म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्याने घरी सांगितलं असणार. सांगू दे.