तियांजानेचं मीठ

एलुबेला कुणी सोशिक म्हटलं की मला हसू फुटतं. आरोग्य केंद्रामागच्या आंब्याखाली ती पोट पाडलेल्या बायकांना जवळ घेऊन बसते, रडू देते, त्यांचं गुपित कुठे फुटू देत नाही, हे खरं. मीही तिथेच रडले आहे. पण बाई डूख धरणारी. उट्टं काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

तियांजाने तिच्याकडे आली तेव्हा पोरीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. चर्चच्या गायनमंडळीचा मास्तर काचिंगवे याने तिला नादी लावलं, दिवस राहिल्यावर कुठून तरी गोळ्या आणून दिल्या, आणि ती मरता मरता वाचली तेव्हा गावभर सांगितलं की पोरीला मलेरिया झाला होता. वर तिच्यासाठी सगळ्यांकडून प्रार्थनाही करून घेतली. मेल्याला लाज कशी ती नाही.

पोरीने मिठाला हात लावणं सोडलं होतं. पोट पाडलेल्या बाईने कालवणात मीठ टाकलं तर खाणाऱ्याची छाती धरते, खोकून खोकून तो मरतो, असं आम्ही सगळ्याजणी आयांकडून ऐकतच वाढलो.

"मी विषारी झालेय, मावशी," एवढंच ती एलुबेला म्हणाली.

एलुबेने तिला सांगितलं की तिनेही तरुणपणी पोट पाडलं होतं, तेव्हापासून घरच्या कालवणात मीठ तीच टाकते, आणि नवरा अजून रोज ठणठणीत भांडतो. मग विचारलं, त्या मास्तरचं काय करायचं?

पोरगी पहिल्यांदाच वर बघून बोलली. "त्याला घाबरलेला बघायचंय."

रविवारी गायनमंडळीचं जेवण होतं. कोंबडीचा रस्सा उकळत होता, मास्तर व्हरांड्यात समोरच बसला होता. एलुबेने मुद्दाम मोठ्याने सांगितलं, तियांजाने, आज मीठ तू टाक. पोरीने त्याच्याकडे बघत बघत टाकलं.

मक्याच्या पिठाच्या घट्ट न्सिमाचे गोळे रश्शात बुडवून सगळे जेवायला लागले. धडकी तर मलाही भरली होती, पण पहिला घास एलुबेने घेतला म्हणून मीही घेतला. मास्तर मात्र हात धुऊन नुसता बसलेला. त्याची बायको एस्नात हिने विचारलं, तर म्हणे पोट बिघडलंय.

एलुबे ताट घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "मलेरियातून उठलेल्या पोरीच्या हातचं मीठ का चालत नाही, मास्तर?"

थट्टाच समजून लोक हसले. आता त्याला खावं तरी लागणार, नाहीतर मलेरिया नव्हता हे सांगावं तरी. त्याने खाल्लं. कपाळावर घाम, आणि एलुबे आग्रह करकरून वाढतेय. थोड्याच वेळात तो खोकायला लागला. एस्नातने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तियांजानेकडे. खोटं कशाला बोलू, माझं काळीज निवलं.

तेव्हापासून तो गाणं मध्येच सोडून खोकतो. दवाखान्यात काही सापडलं नाही. लपूनछपून परगावच्या वैदूकडे गेला, तिथेही गुण आला नाही. मिठात काही नसतं हे एलुबे त्याला एका वाक्यात सांगू शकते. सांगत नाही.

परवा एस्नात आंब्याखाली आली. आम्ही भांडायच्या तयारीनेच उठलो. तिने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ तियांजानेच्या हातात मिठाची पुडी ठेवली.

"येत्या रविवारीही तूच टाक," ती म्हणाली. "त्याला वाढायला मी आहे."