आमची सगळ्यांची मिळून एक हरकत

"मावशी, हे कप उचला ना. आणि इथे जरा पुसून घ्या."

मी उचलले.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकताना मी फार धीट बाई वाटेन. तशी मी नव्हते. त्या दिवशी मी त्या हॉलमध्ये कामाला आले नव्हते, सुनावणीला आले होते. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीने मला पाठवलं होतं. अंगावर लग्नाकार्यात नेसायची साडी होती, हातात सगळ्या वस्तीचा अर्ज होता. तो अर्ज मी काखेत धरला, चार माणसांचे उष्टे कप गोळा केले, कोपऱ्यातल्या डब्यात टाकले आणि टेबल पुसायला फडकं शोधू लागले. फडकं सापडेना, तेव्हा कुठे डोक्यात आलं की आज आपली रजा आहे.

हाताला वळण लागलेलं असतं. अकरा वर्षं अंधेरीच्या एका कंपनीत हाउसकीपिंगला. कुणी 'मावशी' म्हटलं की कंबर आपोआप वाकते. ती बाई टेकडीच्या पायथ्याच्या टॉवरमधली होती. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. तरी मावशी मीच. मी येऊन तिच्या मागच्या खुर्चीवर बसले तेव्हा तिने मान वळवून पाहिलं. आपली चूक तिच्या लक्षात आली असावी. सॉरी म्हणाली नाही. बाजूच्या खुर्चीवर ठेवलेली पर्स मात्र उचलून मांडीवर घेतली.

सुनावणी आमच्या मैदानाची होती. तिथे व्यापारी संकुल होणार, खाली दुकानं, वर ऑफिसं, बाजूला गाड्या लावायला सात मजले. नागरिकांनी हरकती आणि सूचना द्याव्यात अशी नोटीस लागली होती. मंगळवारी सकाळी अकरा वाजता. आमच्याकडे मंगळवारी अकराला घरात फक्त म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं असतात. मी एक दिवसाचा पगार सोडून गेले.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आधी पडद्यावर चित्रं दाखवली. वर वर जाणारा बाण. गुंतवणूक, रोजगार, उपनगराची वाढ. मग आमच्या मैदानाचा वरून काढलेला फोटो. त्यावर लाल चौकट आणि खाली लिहिलेलं, 'मोकळी व विनावापर जमीन. उत्पन्न: निरंक.'

विनावापर.

आमच्या सासू-सासऱ्यांच्या पिढीने टेकडीचा मुरूम कुदळीने फोडून तो तुकडा सपाट केला. एका कडेला विहार बांधला, बाकीचं मुद्दाम रिकामं ठेवलं. त्या रिकाम्या जागेवर माझी हळद झाली. माझा नवरा गेला तेव्हा त्याचा जलदानविधी तिथेच झाला, सगळी वस्ती जेवली, मांडवाचं भाडं कुणी मागितलं नाही. जयंतीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. थंडीत बायका तिथे ऊन खात तांदूळ निवडतात. आमच्या गल्लीतल्या एका माणसाला लकवा मारला होता. त्याला त्याच्या बायकोने त्या मैदानात रोज सकाळी हाताला धरून चालवलं, वर्षभर. आता तो स्वतः जाऊन पाव आणतो. या सगळ्याची पावती कुठेच फाटली नाही, म्हणून उत्पन्न निरंक. उद्या त्याच जागी हळदीला हॉल भाड्याने घ्यायचा आणि चालायला जिमचे पैसे भरायचे. मग तो बाण आणखी वर जाणार. आमच्याकडे फुकट होतं ते आम्हाला विकत घ्यायला लावलं, की त्याला वाढ म्हणायचं. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. कुणी शिकवलं नाही.

पण बोलायची वेळ आली तेव्हा मला ते बोलता आलं नाही.

त्याआधी अर्जाबद्दल सांगते. आमच्या वस्तीची एक रीत आहे. कुठेही अर्ज द्यायचा तर तो एकच असतो, सगळ्यांचा मिळून. जाधव काका तो लिहितात. काका एका शाळेत शिपाई होते, अक्षर मात्र हेडमास्तरांना लाजवेल असं. मागच्या पानांवर सह्या. आणि त्या सह्या एकाखाली एक नसतात, गोलात असतात. एका गल्लीचा एक गोल. पूर्वी पाण्यासाठी पहिल्यांदा अर्ज केला, तेव्हा ज्याची सही सगळ्यात वर होती त्याला रात्री घरातून ओढून काढून मारलं होतं. तेव्हापासून गोल. गोलात पहिला कोण, हे कुणाला सांगता येत नाही. धरायचं तर सगळ्यांना धरा. या गोलांनी आम्हाला पाणी मिळवून दिलं, संडासं दुरुस्त करून दिली. आम्हाला त्यांचा अभिमान होता.

साहेबांनी अर्ज चाळला. मागची पानं आली. त्यांनी कागद आडवा धरला, उभा धरला.

"हे काय आहे? रांगोळी?"

हॉल हसला. पर्सवाली बाई पण हसली. खरं सांगायचं तर मीसुद्धा थोडी हसले. कंपनीत साहेबांनी जोक मारला की हसायचं असतं.

"अर्जदार कोण?"

"सगळे, साहेब."

"सगळे असं नसतं. एक नाव सांगा."

मी माझं सांगितलं. बाजूच्या क्लार्कने लिहिलं. हरकत क्रमांक एक.

"बोला. एक मिनिट आहे."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. "आमची जागा आहे साहेब, आमची पोरं खेळतात" असलं काहीतरी. साहेब मोबाइल बघत होते. मिनिट संपलं, बेल वाजली आणि मी म्हणाले, "थँक यू सर." आमची जमीन काढून घेणाऱ्या माणसाला मी थँक यू म्हणाले. त्या दोन शब्दांची मला कपांपेक्षा जास्त लाज वाटते.

महिन्याभराने वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर अहवाल लागला. संकुलाच्या बाजूने पत्रांचा ढीग आला होता. टॉवरवाल्यांनी एकच पत्र छापून घेतलं होतं, खाली फक्त नाव आणि फ्लॅट नंबर वेगळा. प्रत्येक पत्र वेगळं धरलं होतं. विरोधात हरकत एक. समोर माझं नाव, पत्त्यासकट. खाली निष्कर्ष होता, 'बहुसंख्य नागरिकांचा प्रकल्पास पाठिंबा.'

काका फळ्यासमोर किती तरी वेळ उभे होते. मग म्हणाले, "माझ्या अक्षरानं घात केला गं आपला." राग त्यांच्यावर नव्हताच. पण खरं तेच होतं. मार चुकवायला आम्ही सगळ्यांनी मिळून एक व्हायला शिकलो, आणि त्यांनी आम्हाला खरंच एकावर आणलं. वर नाव माझं. ज्याच्यापासून वाचायला गोल काढले, तेच माझ्या वाट्याला आलं होतं. मला भीती वाटली. खूप वाटली.

ती पंधरा दिवसांत खरी झाली. कंपनीत आम्हाला पुरवणारा जो कॉन्ट्रॅक्टर आहे, त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. अकरा वर्षांत त्या केबिनमध्ये मी फक्त झाडू घेऊन गेले होते.

"या मावशी. बसा."

खुर्ची. पाठोपाठ चहा, साहेबांच्या कपात. आमचे स्टीलचे पेले पॅन्ट्रीत वेगळे ठेवलेले असतात, ते नाही. मी तो चहा घेतला नाही. त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"संकुलवाल्यांचा मला फोन आला होता. एक सही करा, विषय संपला. उगाच कशाला वाट लावून घेता? तुम्हाला सुपरवायझर करतो. पोरीला पण बघू कुठे लागतं ते."

मी म्हटलं, वाचते. त्याला ते आवडलं नाही. माझी आई अंगठा उठवायची, म्हणून तिने मला शाळेत घातलं होतं, मी वाचल्याशिवाय सही करत नाही. कागदावर लिहिलं होतं, 'मी व माझ्या वस्तीतील सर्व रहिवासी आमची हरकत स्वेच्छेने मागे घेत आहोत.'

सर्व रहिवासी.

मी ती ओळ पुन्हा वाचली. हरकत घेताना आम्ही सगळे मिळून एक होतो. मागे घेताना मी एकटी सगळ्यांची झाले. एकाच कागदावर माझी सही घेतली की फळ्यावरचा तो एकुलता एक विरोधही पुसला जाणार, आणि वस्तीने राजीखुशीने मैदान दिलं असं कायमचं लिहिलं जाणार. त्यासाठी खुर्ची होती. त्यासाठी तो कप होता.

माझ्या आत काहीतरी गार पडलं. मला वाटायचं असं काही घडलं की माणूस पेटतो, ओरडतो. तसं झालं नाही. डोकं एकदम साफ होतं.

"मी सही करणार नाही."

"मावशी, विचार करा."

"केला. आणि मी तुमची मावशी नाही. माझं नाव तुम्हाला माहीत आहे, ते फळ्यावर लागलंय."

"मग उद्यापासून येऊ नका."

नाही गेले. अकरा वर्षांचं काम एवढ्या वेळात संपलं. माझी मुलगी कॉलेजात आहे, तिच्या फीचं काय ते मला आजही माहीत नाही. बायका मला म्हणतात, तू झकास केलंस. झकास काही वाटत नाही. सकाळी सहाला जाग येते आणि कामावर जायचं नाही हे आठवतं.

त्या रविवारी विहारात सगळे जमले. मी केबिनमधलं सगळं सांगितलं, कप उचलल्याचंसुद्धा. ते सांगताना रडले. अंतिम मंजुरी अजून झालेली नाही. त्याआधी मोठ्या साहेबांपुढे आणखी एक सुनावणी आहे, तोवर लेखी हरकती घेणार आहेत. फळ्यावरच्या अहवालात तळाशी बारीक अक्षरात हे होतं. सगळ्यांनी सवयीने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "मी लिहिणार नाही. आता ज्याचं त्याने लिहायचं. वेडंवाकडं लिहा, पण आपलं लिहा."

एका बाईने विचारलं, "आणि तुझ्यासारखं आमचं काम गेलं तर?" मी तिला खोटा धीर दिला नाही. जाईल, म्हटलं. काही लोक तिथून उठून गेले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरी पण चूल आहे.

जे राहिले त्यांनी लिहायला घेतलं. लकव्याच्या माणसाच्या बायकोने सहा ओळी लिहायला अख्खी दुपार घेतली. 'माझा नवरा इथे चालायला शिकला. तुमच्या हिशोबात तो कुठे धरला आहे ते लेखी कळवावे.' काकांनी ते वाचलं आणि एकही चूक सुधारली नाही.

सोमवारी आम्ही बायका आपापला कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो. आवक खिडकीवरचा क्लार्क रांग बघून वैतागला.

"एवढ्या जणी कशाला? सगळे कागद एकत्र बांधून एकीने द्या ना."

"नाही," मी म्हटलं. "प्रत्येकीचा वेगळा घ्यायचा. प्रत्येकीला वेगळा नंबर, वेगळा शिक्का."

"माझं जेवण व्हायचंय."

"जेवून या. आम्ही आहोत."

तो जेवून आला. आम्ही होतो. संध्याकाळी खिडकी बंद झाली तेव्हा निम्म्या बायका राहिल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. ज्या उठून गेल्या होत्या त्यांतल्या दोघी तिसऱ्या दिवशी आल्या. उरलेल्या आल्या नाहीत, आणि येतील असं मी कुणाला सांगत नाही.

मैदानाच्या दोन बाजूंना पत्रे ठोकून झालेत. पुढच्या सुनावणीला काय होईल, मला माहीत आहे असं मी म्हणणार नाही. पैसा त्यांच्याकडे आहे, पडदा त्यांचा आहे, बेल त्यांच्या हातात आहे. मैदान कदाचित जाईल. पण मी त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि नंबर लागलेली प्रत्येक बाई आपलं मिनिट घेईपर्यंत उठणार नाही, मग त्यात दिवस जावो नाहीतर आठवडा. त्यांना जागा पाहिजे तर ती हिसकावून घ्यावी लागेल, आणि कुणाकुणाच्या हातून हिसकावली त्यांची नावं एकेक करून त्यांच्याच फाइलीत राहतील. वस्तीने संमती दिली, ही ओळ मी लिहू देणार नाही.