रोटाच्या पंगतीतून उठताना

बुऱ्हाणपूरच्या स्टेशनवर मला सोडायला सात-आठ जण आले होते, आणि मी नेमकी कुठे चालले आहे हे त्यांतल्या एकालाही धड माहीत नव्हतं. पप्पा राजपुऱ्यातल्या शाळेत गणित शिकवायचे, म्हणजे निम्म्या गावाचे मास्तर. प्लॅटफॉर्मवर भेटेल त्याला ते सांगत होते, "बेटी दिल्लीले चालली. कायद्याचं काम हाये." कायद्याचं काम म्हटलं की आमच्याकडे माणसं जरा सरळ उभी राहतात. आईने दराब्याच्या मिठाईचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, वरचा पंखा फिरतो का ते पाहिलं आणि उतरली. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी सरकारदरबारी कागद हलवणारी एक संस्था विद्यार्थ्यांना फेलोशिप देते, तिथे माझी निवड झाली होती. मी स्वतः त्यांतलीच, म्हणून अर्ज केला होता. हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आपल्यातले जे गावाकडे मागे राहिले त्यांना वाटतं, दिल्लीत मोकळी हवा आहे. ती कुणाला सापडली असेल तर मला पत्ता कळवा. मुलाखतीलाच मला विचारलं होतं की घरच्यांनी मारलं का, कोंडून ठेवलं का, जबरदस्तीने स्थळ दाखवलं का. मी म्हटलं, नाही, अजून त्यांना माहीतच नाही. समोरची तिघं अशी हिरमुसली की मलाच वाईट वाटलं. पुढे माझी मेंटॉर झालेली अदिती म्हणाली की माझ्या स्टोरीत अजून खोल जायला हवं. तिथे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत होती, त्यामुळे साहेब कोण आहे हे कळायला जरा वेळ लागायचा, एवढाच फरक.

आम्ही करायचो काय, तर चार्ट पेपरवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायचो. परदेशी कॉलेजांतून आलेले इंटर्न म्हणायचे की त्यांना 'ग्राउंड' बघायचं आहे, आणि मग सगळे माझ्याकडे बघायचे. सरकारला द्यायच्या ड्राफ्टमधल्या एका वाक्यावर आठवडे जायचे आणि तो ज्यांच्यासाठी लिहिला त्यांना तो वाचता येणार नाही, हे बोललं की तुझा मुद्दा नोंदवून घेतला म्हणायचे. नोंदवायचे मात्र मनापासून.

शिवानी या धंद्यातली नव्हती, म्हणून टिकली. ती एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, दिल्लीचीच. वर्षभरात आम्ही दोघींनी मिळून एक बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली, भाड्याने घेतली. मकानमालकासाठी आम्ही मैत्रिणी होतो. कोर्टाने आमच्यासारख्यांना लग्नाचा हक्क नाकारला त्या दिवशी ऑफिसात सगळे गोल करून बसले, मेणबत्ती लावली, एकमेकांचे हात धरले आणि त्याचे फोटो काढले. मी घरी आले तर शिवानीने खिचडी टाकली होती. तिने ताट वाढून पुढे केलं, आणि त्या दिवसातली तेवढीच गोष्ट मला सहन झाली.

मग ऑफिसने माझा एक व्हिडिओ टाकला. विचारून टाकला, खोटं कशाला बोलू. त्यात मी शिवानीचं नाव घेऊन सांगितलं होतं की कोर्ट काहीही म्हणो, हेच माझं लग्न. बुऱ्हाणपुरात तो कुणी बघेल असं ऑफिसात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या लेखी आमच्याकडे अजून वीज यायची होती. माझ्या काकांचा केळीच्या ट्रकांचा धंदा. माझ्या परीक्षा, माझा डेंग्यू, कशालाही ज्यांचा फोन आला नाही, त्यांनी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी पाहिल्यावर सभ्यपणे डिलीट केला. आईचा फोन आला. ती पोरगी स्वयंपाक करते का, एवढंच तिने विचारलं. पप्पा मात्र फोनवर यायचे बंद झाले. मी जे गमवायला भीत होते ते हेच होतं, बाकी गावाने काय म्हणावं याची मला दमडीची पर्वा नव्हती.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. रविवारी रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करतात. घरच्या माणसांच्या नावाने मूठमूठ गहू मोजून घेतात, त्याचेच रोट. ते भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही. बिनलग्नाची मुलगी पंगतीला बसते. लग्न झालं की ती दुसऱ्या घरची, मग तिला रोट चालत नाही. अदितीने 'छोट्या शहरातला संवाद' म्हणून बुऱ्हाणपूरच्या कार्यक्रमाची जी तारीख काढली ती नेमकी याच रविवारची निघाली. मी सांगून पाहिलं. तिला उलट आनंद झाला, कारण तिला कुटुंबसंस्था जवळून बघायची होती. आणि ती बघायला ती थेट आमच्या घरी आली.

मी पंगतीत बसले. पप्पा समोरच होते, ताटाकडे बघत. आई रोट वाढत माझ्यापर्यंत आली तेव्हा काका म्हणाले, "हिचं तं लगीन झालं ना? साऱ्या दुनियेले मोबाईलवर सांगितलं हिनं. मंग हिले रोट कसा चालंन?"

बायका पदराआड हसल्या. काकांना मला उठवायचंच होतं, तेही चारचौघांत. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आमच्या ऑफिसला एवढे ड्राफ्ट लिहून, एवढ्या मेणबत्त्या लावून जे मिळालं नाही, ते या माणसाने मला टोमणा मारायच्या नादात देऊन टाकलं होतं.

आई हातात परात घेऊन उभी होती. म्हणाली, "वैशू, काका म्हनतात ते खरं हाये का? खोटं असंन तं बस. मी वाढते."

खोटं आहे म्हटलं असतं तर रोट मिळाला असता, पप्पांच्या समोरची जागा राहिली असती, आणि पुढच्या वर्षी माझ्या नावाने पुन्हा गहू मोजले असते. दिल्लीत शिवानीला हे कधी कळलंही नसतं. मी म्हटलं, "खरं हाये," आणि उठले.

अदितीला भाषा कळली नाही, मी उठलेली तेवढी दिसली. ती लाल झाली आणि माझ्या बाजूने उभं राहायचं म्हणून चक्क माझ्या पाटावर जाऊन बसली. ती रोटाला हात घालणार तोच आईने तिचं मनगट धरलं आणि तिला उठवून माझ्या मागोमाग बाहेरच्या खोलीत आणून बसवलं. तिथे लग्न झालेली आत्या वरणभात खात होती. आत्या जरा सरकली आणि मला जागा करून दिली. रडू आलं ते मला तिथे आलं.

दिल्लीत प्रेझेंटेशनमध्ये अदितीने स्लाइड लावली की कुटुंबाने मला अन्नावरून बहिष्कृत केलं. मी म्हटलं, असं काही झालेलं नाही, उलट झालंय. ती प्रेमाने म्हणाली की धक्क्यामुळे मला ते दिसत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. फेलोशिप संपल्यावर मी एका वकीलबाईंकडे कामाला लागले. तिथे चार्ट पेपर नाहीत.

चैत्र सरता सरता, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी, पप्पा न कळवता बरसातीच्या जिन्यात उभे. आखाजीला लग्न झालेल्या मुलीला माहेरचं माणूस न्यायला येतं आणि तिच्या सासरच्यांची परवानगी मागतं. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे ते चुकत नाही. माझ्याशी ते अजून बोलले नव्हते. खुर्चीच्या काठावर बसून त्यांनी शिवानीला त्यांच्या मास्तरी हिंदीत विचारलं, "बेटा, आखाजी है. आठ दिन के लिए ले जाऊँ इसको?"

शिवानी पडली दिल्लीची. म्हणाली, "अंकल, मुझसे क्यों पूछ रहे हैं? इसी से पूछिए ना."

पप्पांनी मला विचारलं नाही. ते तिच्याकडेच बघत थांबून राहिले. मी त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिला खुणा करत होते, अगं, हो म्हण.

"जी," ती शेवटी म्हणाली, "ले जाइए."

तेव्हा कुठे पप्पा माझ्याकडे वळले. म्हणाले, "चाल, बॅग भर."