कमी दाखवणारा काटा

अक्काला मी शेवटचं बोलताना ऐकलं ते दवाखान्यातल्या वॉर्डबॉयला दम देताना. तो पलंगाशेजारी ऑक्सिजनचा नवा सिलेंडर लावत होता आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेला नाक लावून चावी फिरवत होता. अक्काच्या अंगात उठून बसायचंही बळ नव्हतं, पण आवाज शाळेच्या मैदानावरचाच. "बाबा, उघडताना तोंड बाजूला कर की. काच फुटली तर डोळ्यात जाईल." तो पोरगा बिचारा दचकून मागं सरला. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "तम्मा, किती हाय बघ रे." मी म्हटलं, "भरलेला हाय, अक्का." "मग बास," म्हणाली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करत असताना तिच्या लेकीचा, गौरीचा, फोन आला. तिनं नुसतं "मामा" म्हटलं, आणि मला कळलं...

शिवलीला माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे नेसरीचे. तिकडं कर्नाटकाचा वारा लागलेला, म्हणून थोरली बहीण ती अक्का आणि धाकटा भाऊ तो तम्मा, मग त्या तम्माला टक्कल पडलं तरी चालतं. ती लग्न होऊन कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीला गेली, तिथल्याच शाळेत खेळाची बाई झाली, आणि गावातल्या पोरींना कमरेला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवत राहिली. मी त्याच आईच्या पोटचा. पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला देव आठवतात. आमच्या घराण्याच्या वाट्याचं सगळं पोहणं तिनं एकटीनं उचललं, असं मी गमतीनं सांगायचो.

निवृत्त झाल्यावर ती मैत्रिणींबरोबर मालवणला गेली आणि बिघडून आली. तिथं कुणीतरी पाठीवर हवेची टाकी बांधून तिला समुद्राखाली नेलं होतं. मग तिनं रीतसर शिक्षण घेतलं आणि दर थोड्या दिवसांनी पिशवी भरून एसटी पकडू लागली. आम्ही शाकाहारी लिंगायत माणसं. बाकीचं कोल्हापूर मालवणला मासे खायला जातं, अक्का माशांना भेटायला जायची. गळ्यातलं लिंग पोशाखाच्या आत नीट बांधून घ्यायची आणि परत आल्यावर कुठला मासा कसा वागला ते नातेवाइकांच्या कागाळ्या सांगाव्यात तसं सांगायची. दाजी ऐकून घ्यायचे, कारण दुसरा इलाज नव्हता.

पण एकदा ती परत आली ती गप्पच. भाड्यानं घेतलेल्या साहित्यातल्या गेजचा काटा अडकला होता. हवा संपत चालली तरी काटा निम्म्याच्याही वर. श्वास ओढायला जड जाऊ लागला तेव्हा तिनं शिकवणाऱ्याला खूण केली, त्याच्या नळीतली हवा घेतली आणि त्याच्याबरोबर हळूहळू वर आली. हे ऐकल्यावर दाजी इतकंच म्हणाले, "आता बास. पुन्हा पाण्यात जायचं न्हाई." गौरीही बापाच्या बाजूनं. अक्का वाद घालणारी बाई, पण त्या दिवशी तिनं वाद घातला नाही. तिचा चेहरा बघून मला वाटलं, ही आता एकदम म्हातारी होणार.

नंतरच्या भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं, आणि मी साडीची पिशवी पुढं केली तशी ती बाजूला सारली. "साडी नको. मला गेज दे."

"कुठल्या मोटरीचा?"

"माझ्या टाकीचा. खात्रीचा आन् तुला झेपंल असा. तू पास केलास तर मी पाण्यात जायचं, असं ह्यांच्याकडनं कबूल करून घेतलंय."

दाजी सोफ्यावर बसून छताकडं बघत होते. म्हणजे आता निकाल माझ्यावर. मी शहरात पंप आणि कॉम्प्रेसरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. गेज म्हणजे माझा रोजचा माल. मला वाटलं, हे तर हातचं काम. कोल्हापुरात मिळत नाही अशी वस्तू अजून तयार व्हायची आहे असा आमचा सगळ्यांचाच समज असतो, आणि तो माझ्यात जरा जास्त आहे. दुसऱ्याच दिवशी दुकानातला सगळ्यात देखणा गेज घेऊन मी गडमुडशिंगीला गेलो. स्टीलची डबी, आत ग्लिसरीन भरलेलं, काटा लोण्यातून सरकावा तसा सरकणारा. अक्कानं तो दोरीला बांधून सरळ म्हशीच्या हौदात सोडला. दुपारचा चहा झाल्यावर वर काढला तर आत पाणी शिरलेलं आणि हौदात ग्लिसरीन उतरलेलं. म्हैस तोंड लावेना. झालं होतं असं, की त्या गेजच्या डोक्यावर रबराचं बूच असतं आणि पंपावर बसवण्याआधी त्याचं टोक आम्ही ब्लेडनं उडवतो, म्हणजे आतली हवा मोकळी होते. खोक्यातून काढला की टोक उडवायचं, ही हाताची सवय. बहिणीच्या गेजचंही मी उडवून बसलो होतो. अक्का हसून हसून हौदाच्या काठावर बसली. "तम्मा, मला खाली न्यायच्या आधी त्योच बुडला की रे." आणि न उडवता दिला असता तरी तो समुद्राच्या खोलीसाठी केलेलाच नव्हता, हे मला पुढं चौकशी केल्यावर समजलं.

मग मात्र आम्ही दोघं ईर्षेला पेटलो. पाण्याखालचं सामान विकणाऱ्यांना फोन लावले. मनगटावर आकडे दाखवणारा, बिनतारी, भारीतला गेज पहिल्याच फोनवर बाद झाला; किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो आणि अक्का म्हणाली, "सेल संपला तर खाली दुकान हाय व्हय?" जुना, वापरलेला नको, कारण आत काय गंजलंय ते दिसत नाही. साधा काट्याचा, पितळी अंगाचा, मागं दाब निसटायला बूच असलेला, आणि ज्याच्या नळीची रबरी कडी इथं कोल्हापुरात बदलता येईल असा हवा. आकडे मोठे हवेत, कारण पाण्यात चाळिशीचा चष्मा चालत नाही. ही शेवटची अट तिची. त्यासाठी तिनं दुकानदारांकडून फोटो मागवून ते चष्मा काढून बघितले.

शेवटी परवडणाऱ्यातले दोन गेज मागवले, न पटलेला परत करायच्या बोलीवर. माझा तपासणीचा पंप तेलावर चालतो, आणि श्वासाच्या वाटेत तेलाचा थेंबही नको. म्हणून ओळखीच्या लेथवर एक पितळी जोड करून घेतला, मालवणहून भरलेली टाकी आणवली, आणि दुकानातल्या कोऱ्या, खात्रीच्या गेजशेजारी एकेक गेज बसवून हवा थोडी थोडी सोडत गेलो. दाजी दाराशी हाताची घडी घालून उभे. भरलेली टाकी दोनशे दाखवते, आणि पन्नास उरायच्या आत पाण्यावर यायचं असा नियम. वरच्या आकड्यांना दोन्ही ठीक होते. खाली येता येता मात्र स्वस्तातला गेज पन्नासवर रेंगाळला, खरी हवा चाळीस उरलेली असताना. दुसरा उलटा, पन्नास असताना पंचेचाळीस दाखवत होता. मी वैतागलो. "दोन्ही परत करू या. बरोबर दाखवणारा मिळेपर्यंत थांब."

अक्का दुसऱ्या गेजवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो ठेव. जादा दाखवणारा मारतो रे. कमी दाखवणारा फकस्त लवकर घरी आणतो."

यावर दाजी पहिल्यांदा बोलले. "लवकर घरी येणार असशील तर जा."

त्या गेजवर ती पुढची कितीतरी वर्षं खाली गेली. नंतर गौरीलाही तिनं शिकायला लावलं. परत आली की पहिल्यांदा गेज गोड्या पाण्यात धुवायची, काटा शून्यावर टेकलाय का बघायची आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगायची. मग चहा.

आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी तिच्या हातात किती दिवस आहेत ते दाजींना हळू आवाजात सांगितलं. ते तिला ऐकू गेलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांचा काटा कमी दाखवतोय. घाबरू नका." आणि खरोखर तिनं त्यांना खोटं पाडलं. वर एक दिवाळी काढली, मला ओवाळलं, मालवणच्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून गौरीला पाण्यात जाताना बघितलं. तिचं जाणं मला अजून पटत नाही, पण ते दिवस आम्हाला हिशेबाबाहेरचे मिळाले हेही मी विसरत नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी गौरी दुकानात आली. पिशवीतून गेज काढून काउंटरवर ठेवला. "मामा, तपासून द्या. मी मालवणला जाणार हाय. बाबा म्हणत्यात, मामा पास करंल तर जा." मला तो हातात घ्यावासा वाटेना. खोटं सांगणं सोपं होतं. बिघडलाय म्हटलं असतं तर पोरगी घरी राहिली असती आणि दाजींना, मला झोप लागली असती. मी तो पितळी जोड शोधून काढला. गौरीनं बरोबर आणलेली टाकी उघडली तसं आम्ही दोघांनीही नकळत तोंड बाजूला केलं, आणि एकमेकांकडं बघून आधी हसलो, मग रडलो... हवा उतरत गेली. पन्नासला पंचेचाळीस. इतक्या वर्षांत तसूभर बदल नाही.

"पास," मी म्हटलं.

गेल्या रविवारी दुपारी मी आणि दाजी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. समोर रिकामा खिळा. दोघांचा चहा गार झालेला. फोन वाजला, पलीकडं वारा आणि गौरीचा आवाज. "मामा, वर आले. किती उरली, विचारा की."

"किती?"

"काटा सत्तर म्हणतोय."

दाजींनी माझ्या हातातून फोन घेतला. "मग जास्तच आसंल," ते म्हणाले. "लवकर घरी ये. खिळा मोकळा हाय."