जांभळे कान
गल्लीत गटाराच्या कडेला चुना मारला की त्या वासासरशी मला वडपे गावच्या गोदामांमागचा डुकरांचा वाडा आठवतो. मी तेव्हा जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो. तिथे एक बाई एकटीच डुकरं पाळायची, हायवेवरच्या ढाब्यांचं उरलंसुरलं आणून घालायची. तिच्या दोन डुकरिणी तापाने फणफणल्या होत्या आणि त्यांचे कान जांभळे पडले होते. "कंचा ताप हाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "असे कान दोन तापांत होतात. एकाला लस आहे, दुसऱ्याला काहीच नाही. तो निघाला तर सगळी मारावी लागतील. रक्त तपासल्याशिवाय मलाही कळणार नाही." "जी बरी हायेत ती पन?" "ती पण," मी म्हटलं. रिपोर्ट येईपर्यंत तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. भिंतीपलीकडे कंटेनर मागे घेतल्याचे आवाज तेवढे यायचे. रिपोर्टात दुसरा ताप निघाला. आम्ही पांढरे किट घालून गेलो, तर डुकरं घाबरून कोपऱ्यात दडली, काही केल्या हलेनात. तिने थोडा वेळ पाहिलं. मग रिकाम्या डब्यावर वाटी आपटून रोजच्यासारखी हाक मारली, "या रं, या." सगळी धावत तिच्या पायाशी आली. डबा तिथेच ठेवून ती मागे न बघता हायवेकडे चालू लागली. संध्याकाळी आम्ही सगळी पुरली आणि खड्ड्यावर, वाडाभर चुना पसरला. आता मी एकटाच जेवतो. ताटावर वाटी आपटली की हात थांबतो. त्या आवाजाला धावून येणारं घरात कुणी नसतं.