शटरवरची पाहुणी

"शटर वर गेलं की ही आत गुंडाळली जाणार," मी म्हणालो.

"मग जाऊ दे ना! ट्रक उभाय, दुपारी ऑडिट आहे. स्प्रे मारा आणि मोकळे व्हा." नीता मॅडम बोईसरच्या या बिस्किट फॅक्टरीत क्वालिटी मॅनेजर. मी त्यांचा पेस्ट कंट्रोलवाला. म्हणजे झुरळ दिसलं, उंदीर दिसला, की शिव्या खाणारा माणूस.

डिस्पॅचच्या शटरवर वीतभर रुंदीचा पतंग बसला होता. विटकरी रंग, पंखांवर पारदर्शक खिडक्या, आणि वरच्या पंखांची टोकं थेट सापाच्या डोक्यासारखी. फोर्कलिफ्टवाला लांबूनच ओरडत होता, "साँप है सर, साँप!" लोडिंगवाली काशीबाई मासवणची. ती मात्र जवळ येऊन बघत होती. "काय रूप हाय बगा!"

हा अ‍ॅटलास पतंग. सह्याद्रीच्या जंगलांपासून पार मलेशिया-इंडोनेशियापर्यंत सापडतो. आमच्या डॉकच्या पांढऱ्या एलईडीला भुलून आला असणार. पोट जाड, मिशा बारीक, म्हणजे मादी. मी तर प्रेमातच पडलो. इतकी वर्षं किडे मारतोय, पण हिला मारायचं? छे!

"मॅडम, हिला खायला तोंडच नसतं."

"काय सांगता?"

"सुरवंट असताना खाल्लं, त्यावरच आठवडाभर जगते. अंडी घालते, संपते. तुमची बिस्किटं कशी खाणार?"

"हे ऑडिटरला तुम्ही समजावणार का? ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत हलवा. नाहीतर पुढचं कॉन्ट्रॅक्ट विसरा."

मी तिच्यापुढे एक फांदी धरली. ढिम्म. पुठ्ठा सरकवला. ढिम्म. ओढावं तर पंख फाटणार. तेवढ्यात ड्रायव्हर मिशी पुसत परत आला. मॅडमचा हात शटरच्या बटणाकडे गेला.

"थांबा ओ मॅडम!" काशीबाई कळवळली. "पोटुशी हाय ती."

मॅडमचा हात तिथेच थांबला. मी माझ्या शर्टाची बाही पतंगाच्या पायांशी टेकवून उभा राहिलो. एकेक पाय टाकत बाईसाहेब चढल्या एकदाच्या! शटर वर गेलं.

कंपाउंडबाहेरच्या जांभळावर सोडायला गेलो, तर बाही सोडायला तयार नाही. बऱ्याच वेळानं खोडावर उतरली. बाहीवर छापलेल्या 'पेस्ट कंट्रोल' या अक्षरांवर साबुदाण्याएवढी लालसर अंडी चिकटवून गेली होती.

केळव्याला घरी पोचलो. बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, तुम्हाला किडे मारायला पाठवतात की पोसायला?"

मग तिनंच बाही कापून परसातल्या सीताफळाला बांधली. सुरवंट निघाले, पानांचा फडशा पाडू लागले. मॅडमनी कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, आणि आता फोनवर आधी विचारतात, "बाळं कशी आहेत?"

धंद्यात एवढं शिकलो, की औषध मारण्याआधी किडा काय खातो हे बघावं. हे सुरवंट आमचं सीताफळ खातायत, आणि घरातून मला फवारणीची सक्त मनाई आहे.