काचेच्या खोलीतली डॉक्टरीण

बोईसरच्या आमच्या डायलिसिस केंद्रातला टीव्ही देणगीत आलेला आहे. देणगीदाराचे नाव पडद्याच्या वर पितळी अक्षरांत, शेजारी उद्घाटनाचा फोटो. फोटोत फीत धरायला पुढाऱ्यांची रांग आहे, पेशंट एकही नाही. या टीव्हीवर आम्ही तिघे अंतराळातली एक मालिका बघतो. आठवड्यातून तीनदा, हातात सुया घालून रक्त मशीनमधून फिरत असताना माणूस दुसरे काय करणार? मी सुरुवातीला पुस्तक नेत असे. जाड पुस्तक एका हाताने धरता येत नाही आणि बारीक पुस्तकात वेळ जात नाही.

मालिका हिंदीत डब केलेली, वर्षानुवर्षे चाललेली. कप्तान दर भागात मानवजातीवर भाषण करतो, तेव्हा मी डोळे मिटतो. माझ्या डावीकडच्या खुर्चीत इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीमचे एक बागायतदार असतात, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. उजवीकडे कारखान्यातला एक फिटर, मूळचा बनारसकडचा. आमचा नियम एकच: पुढचा भाग कोणी घरी बघायचा नाही.

आम्हाला सीझनच्या मधले भाग आवडतात. मुख्य माणसे तिथे मरत नाहीत, कारण नटांचे करार संपलेले नसतात. मागच्या खेपेला यानातल्या डॉक्टरणीने रोग पसरू नये म्हणून स्वतःला काचेच्या खोलीत कोंडून घेतले, आणि तेवढ्यात आमची वेळ संपली.

आज तो भाग पुरा करायचा होता, पण भाऊंची खुर्ची रिकामी होती.

"फोन उचलत नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "एक खेप चुकली तरी अंगात पाणी साचतं, मग श्वास लागतो. ठाऊक आहे त्यांना." त्यांनी रिमोट उचलला. "लावू का?"

"चाचा के बिना नहीं," फिटर म्हणाला.

मी दाराकडे बघत होतो. रिक्षा थांबली की मान वळायची, मान वळली की हात हलायचा, आणि हात हलला की मशीन बोंबलायचे. सिस्टरनी दोनदा दटावले. शेवटी मोकळ्या हाताने मीच फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला, तेव्हा उचलला.

"भाऊ, कुठे आहात?"

"घरीच. नाय येत मी आज."

"बरं नाही का?"

"कंटाला आला. ती डॉक्टरीण वाचते हो, तुमी काळजी करू नका."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बघला ना. जेवढे भाग निघालेत, तेवढे सगळे बघून टाकले."

"एवढी घाई कसली होती?"

मागे त्यांच्या सुनेचा आवाज येत होता, कोणाला तरी चहा विचारत होती. आज कंटाळा आलेला माणूस परवा येतो. भाऊंनी परवाचेही भाग उरकून टाकले होते, म्हणजे त्यांना पुन्हा यायचेच नव्हते.

अशा वेळी शोभणारी वाक्ये मी पुष्कळ वाचली आहेत. ती तशीच राहू दिली. फोन मी स्पीकरवर टाकला आणि फिटरला सांगितले, "यांनी पुढचं सगळं बघितलं."

"चाचा! चीटिंग?" तो ओरडला. त्याचेही मशीन बोंबलू लागले. "आप डॉक्टरनी को अकेले छुड़ा लाए? हम यहाँ उल्लू बैठे हैं?"

"अरे, कंटालून बघला रे..."

"हम नहीं देखेंगे. टीव्ही बंद. आपकी गलती!"

सिस्टरनी फोन हातात घेतला. "भाऊ, संध्याकाळची एक खुर्ची रिकामी आहे. ठेवू का?"

"त्याला सांगा, बोंबलू नको," भाऊ म्हणाले, आणि फोन ठेवला.

हे उत्तर झाले का, ते आम्हाला कळेना. टीव्ही खरोखरच बंद राहिला. उरलेला वेळ आम्ही काळ्या पडद्यापुढे चुळबुळत काढला.

संध्याकाळी सुया निघाल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. फिटरही घरी जाईना. अंधार पडायच्या सुमारास रिक्षातून भाऊ उतरले, चेहरा सुजलेला, सुनेने दंड धरलेला. आम्हाला बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"तुमी दोघं इथं काय करताव?"

"आपसे झगड़ा बाकी है," फिटर म्हणाला, आणि त्यांचा दुसरा दंड धरला.